वॉर्डातले मास्तर

(सिल्लोड येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान)

घाटनांद्र्याचा पेशंट असो, भराडीचा असो की अजिंठ्याचा. प्रकृती हाताबाहेर जातेय असं दिसलं की सिल्लोडच्या उपजिल्हा रुग्णालयातून पुढचा पत्ता मिळतो तो घाटीचा. घाटी म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय. महाविद्यालय १९५६ साली सुरू झालं. मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला तोही त्याच वर्षी. तेव्हापासून जालना, बीड, परभणी, हिंगोली, बुलढाणा, जळगाव असे चहूबाजूंचे रुग्ण या एका फाटकातून आत येत आले आहेत. हजाराहून जास्त खाटा आहेत आणि तरीही जमिनीवर गाद्या टाकाव्या लागतात.

या फाटकातून रात्री दोन वाजता आत गेलेल्या माणसाला पहिला हात कोणाचा लागतो? विभागप्रमुखांचा नाही. हात लागतो पंचवीस-सव्वीस वर्षांच्या एका निवासी डॉक्टरचा. एम.बी.बी.एस. झालेला, एम.डी. किंवा एम.एस.च्या पहिल्या नाहीतर दुसऱ्या वर्षाला असलेला, रुग्णालयाच्या भाषेत जेआर-१ किंवा जेआर-२. नातेवाईक त्याला कधी ‘मोठे डॉक्टर’ म्हणतात, कधी चिडून ‘शिकाऊ पोरगं’ म्हणतात. दोन्ही खरं आहे. आणि त्याच्या पाठीमागे पांढऱ्या अॅप्रनमध्ये दोन-तीन मुलं-मुली उभी असतात. त्यांच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. ते एम.बी.बी.एस.चे विद्यार्थी किंवा इंटर्न. तो निवासी डॉक्टर उपचार करतो आहे, स्वतः शिकतो आहे आणि त्याच वेळी या मुलांना शिकवतोही आहे. पहिल्या दोन कामांची कुठे ना कुठे नोंद होते. तिसऱ्याची जवळजवळ होत नाही. हे व्याख्यान त्या तिसऱ्या कामाबद्दल आहे.

वर्तमानपत्रात निवासी डॉक्टर दोनच कारणांनी येतो: एक मार खाल्ला तर, दुसरं संप केला तर. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला जमावानं मारहाण केली आणि राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. जानेवारी २०२३ मध्ये वरिष्ठ निवासी डॉक्टरांची १,४३२ पदं भरा, पडक्या वसतिगृहांचं काहीतरी करा, या मागण्यांसाठी ‘मार्ड’ या निवासी डॉक्टरांच्या संघटनेनं पुन्हा संप पुकारला. ओपीडी ओस पडली, शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या, हे सगळं छापून आलं. त्या दिवसांत विद्यार्थ्यांची रात्रीची शाळाही बंद होती, हे मात्र कुठे वाचायला मिळालं नाही.

ही शाळा कशी चालते, याचं एक उदाहरण सिल्लोडच्या श्रोत्याला सहज समजेल असं आहे. पावसाळ्याचे दिवस, मक्याच्या नाहीतर कपाशीच्या शेतात पायाला काहीतरी चावलं. साप दिसला, पण कोणता ते सांगता येत नाही. आपल्याकडे माणसं मरतात ती प्रामुख्यानं चार सापांनी: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. या चौघांवर मिळून एकच प्रतिविष बनतं, त्यामुळे सापाचं नाव कळलंच पाहिजे असं नाही. कळायला हवं ते हे, की विष अंगात भिनलंय की नाही. त्यासाठी वॉर्डात एक चाचणी करतात, तिला ना यंत्र लागतं ना वीज. शिरेतून साधारण २ मिलिलिटर रक्त घ्यायचं, काचेच्या नळीत ठेवायचं, २० मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी एकदा तिरकी करून बघायची. रक्त गोठलं नसेल, पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरशाचं विष रक्तात गेलं आहे. प्रतिविष सुरू करा.

पुस्तकात हे चार ओळींत संपतं. निवासी डॉक्टर त्यात पुस्तकात नसलेल्या गोष्टी घालतो. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालणार नाही. ती कोरडी हवी आणि साबणाच्या पाण्यानं धुतलेली नको, नाहीतर चांगलं रक्तही गोठायला वेळ लावतं आणि पेशंटला विनाकारण प्रतिविष जातं. नळी खिशात घेऊन फिरायचं नाही. मधूनमधून हलवून ‘झालं का’ बघायचं नाही. प्रतिविषाची पहिली बाटली लावण्याआधी अॅड्रिनलिन भरून हाताशी ठेवायचं, कारण प्रतिविषाचीच जबर रिअॅक्शन येऊ शकते.

आणि मग ती २० मिनिटं. नळी स्टँडवर उभी आहे, नातेवाईक दाराशी आहेत, करायला फारसं काही नाही. चांगला निवासी डॉक्टर या २० मिनिटांचा तास घेतो. विद्यार्थ्याला म्हणतो, पापण्या बघ. वर बघायला सांग, पापणी खाली येतेय का? मान उचलता येतेय का? एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते मोजून घे. रक्त व्यवस्थित गोठलं आणि पापण्या मात्र पडायला लागल्या तर काय समजशील? मग तो मण्यारीची गोष्ट सांगतो. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून येतो, चावल्याची खूण सापडत नाही, गॅसेसवरचं औषध देऊन कोणीतरी परत पाठवतं आणि दोन तासांनी त्याचा श्वास बंद पडतो. ही गोष्ट ऐकलेला विद्यार्थी पुढे कुठल्याशा प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटा असेल तेव्हा पहाटेच्या पोटदुखीला पापण्या बघितल्याशिवाय घरी सोडणार नाही. सकाळच्या लेक्चर हॉलमध्ये, दोनशे मुलांसमोर, पडद्यावरच्या चित्रांवरून हे शिकवता येत नाही, असं नाही. पण ते असं ठसत नाही.

अशा शिकवण्याची पद्धत अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या जॉन नेहर आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी १९९२ मध्ये पाच पायऱ्यांत मांडली. विद्यार्थ्याला आधी मत द्यायला लावा: तुला काय वाटतं? मग विचारा, कशावरून? एखादा सर्वसाधारण नियम सांगा. जे बरोबर केलं ते नेमकं कोणतं ते सांगा. चुकलं ते दुरुस्त करा. एवढंच. घाईच्या ओपीडीतही मिनिटभरात बसतं म्हणून त्या पद्धतीला ‘मिनिटाचा शिक्षक’ अशा अर्थाचं टोपणनाव मिळालं. आपल्याकडचे अनेक निवासी डॉक्टर हे नाव न ऐकताही तसंच शिकवतात, कारण त्यांच्या सीनियरनं त्यांना तसंच शिकवलेलं असतं. आणि अनेक जण तसं शिकवत नाहीत, त्याचंही कारण तेच असतं.

अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या पाहण्यांमध्ये एक गोष्ट पुढे आली. रुग्णालयात मिळालेल्या ज्ञानापैकी जवळपास एक तृतीयांश वाटा ते निवासी डॉक्टरांच्या पदरात टाकतात. निवासी डॉक्टरांचा स्वतःचा अंदाज असा, की त्यांच्या वेळेचा पाचवा ते चौथा हिस्सा शिकवण्यात जातो. आपल्या सरकारी रुग्णालयांत असा हिशेब मांडला तर आकडा बहुधा वरच जाईल, कारण रक्त काढणं, रायल्स ट्यूब घालणं, कॅथेटर टाकणं, टाके घालणं, बाळंतपण करणं या सगळ्यांत विद्यार्थ्याचा हात धरणारा दुसरा कोणी तिथे नसतोच.

ही व्यवस्था जिच्यातून आली ती परंपरा जुनी आहे. कॅनडात जन्मलेले विल्यम ऑस्लर १८८९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आले. त्या काळी अमेरिकेत रोग्याला फारसा हात न लावताही डॉक्टर होता येत असे. ऑस्लरांनी विद्यार्थ्यांना वर्गातून उचलून वॉर्डात आणलं आणि त्यांच्या वर तरुण डॉक्टरांची एक फळी उभी केली. ही फळी रुग्णालयातच राहायची. ‘निवासी’ हे नाव तिथून आलं. आपल्या थडग्यावर एकच गोष्ट लिहावी, की यानं विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवलं, अशी इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती. ज्यांच्या ग्रंथावर दोन-तीन पिढ्या पोसल्या, त्या माणसाची ही इच्छा.

मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेज याच्याही आधी, १८४५ मध्ये निघालं. त्याच्या पहिल्या पदवीधरांत, १८५१ साली, भाऊ दाजी लाड होते. सिल्लोडमध्ये त्यांचं नाव घ्यायला आणखी एक कारण आहे: अजिंठ्याच्या लेण्यांतल्या शिलालेखांचं वाचन करून त्यावर निबंध लिहिणारेही हेच डॉक्टर भाऊ दाजी. आणि परळचं केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झालं; त्याच्या महाविद्यालयाला सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या नावाची देणगी मिळाली ती अध्यापक भारतीयच असावेत या अटीवर. त्या रुग्णालयातला एक वॉर्ड कसा घडतो आणि माणसांना कसा घडवतो, हे डॉ. रवी बापट यांच्या ‘वॉर्ड नं. पाच, केईएम’ या पुस्तकात मराठी वाचकांनी वाचलेलं आहे.

या भागातलं त्याहून जवळचं नाव मात्र डॉ. हिंमतराव बावस्करांचं. शेजारच्या जालना जिल्ह्यातलं देहेड हे त्यांचं गाव. नागपूरच्या शासकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झाले आणि १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून मुलं दगावत होती, आणि त्यावर नेमका उपाय पुस्तकांत नव्हता. बावस्करांनी केलं ते एवढंच, की खाटेजवळ बसून राहिले. घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, मग फुप्फुसात पाणी भरतं. हा क्रम त्यांनी तासातासानं टिपला. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ती निरीक्षणं छापून आली. पुण्याच्या बी.जे. महाविद्यालयातून एम.डी. करून ते महाडला परतले, आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीनं हे रोगी वाचतात हे त्यांनी दाखवून दिलं. तो निबंध १९८६ चा. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुरस्कारापेक्षा इथे महत्त्वाचं आहे ते दुसरंच. आज विंचू चावलेलं मूल कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात आलं, तर त्याला प्राझोसिन का द्यायचं, किती द्यायचं आणि गोळी दिल्यावर मुलाला एकदम उठवून बसवायचं का नाही, हे इंटर्नला सांगतो तो निवासी डॉक्टर. महाडच्या एका खाटेजवळ सापडलेली गोष्ट तालुक्यातालुक्यांत पोचली ती या तरुणांच्या तोंडून. लॅन्सेट किती जण वाचतात?

शिकवणं नेहमी वरून खालीच जातं असंही नाही. सरकारी महाविद्यालयांतल्या पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. त्यामुळे घाटीतला निवासी डॉक्टर केरळचा असतो, राजस्थानचा असतो, तेलंगणाचा असतो. समोरची म्हातारी म्हणते, ‘उरात कळ मारती, जीव घाबरा होतोय, अन् करपट ढेकर येत्यात.’ त्याला एक अक्षर कळत नाही. मागे उभी असलेली तिसऱ्या वर्षाची, कन्नड तालुक्यातली नाहीतर सिल्लोडची मुलगी पुढे येते आणि हृदयविकाराची हिस्टरी तीच घेते. सहा महिन्यांत तोच राजस्थानी डॉक्टर ‘धाप लागते का, आज्जी?’ असं विचारायला लागतो. त्याचे उच्चार ऐकून वॉर्डातल्या मावशी हसतात, पण त्याचं काम भागतं. या मुलीला त्या देवाणघेवाणीत ईसीजी वाचायला शिकायला मिळतं. सौदा बरा आहे.

आता नियमांकडे. निवासी डॉक्टरनं पदवीच्या विद्यार्थ्यांना आणि इंटर्नना शिकवण्यात भाग घेतलाच पाहिजे, असं पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमांत २००० सालापासून लिहिलेलं आहे; २०२३ च्या नियमांतही ते आहे. कागदावर तो शिक्षकच आहे. पण त्याला शिकवायचं कसं हे कोण शिकवतं? प्राध्यापकांना वैद्यकीय शिक्षणाचा मूलभूत अभ्यासक्रम सक्तीचा आहे. त्याशिवाय बढती अडते. निवासी डॉक्टरला संशोधनपद्धती सक्तीची, जीवरक्षणाचं प्रशिक्षण सक्तीचं. शिकवण्याच्या प्रशिक्षणाची तशी सक्ती नाही.

२०१९ पासून एम.बी.बी.एस.ला क्षमताधारित अभ्यासक्रम आला. विद्यार्थ्याला काय माहीत आहे यापेक्षा त्याला काय करून दाखवता येतं, यावर त्यात भर. उद्देश उत्तम. त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याकडे लॉगबुक असतं. कौशल्याचं नाव, तारीख, पहिला प्रयत्न की दुसरा, जमलं की नाही, अध्यापकाचा निर्णय, अध्यापकाची सही, विद्यार्थ्याची सही असे त्यात रकाने असतात. रात्री अडीच वाजता ज्यानं ते कौशल्य खरोखर शिकवलं, त्याच्यासाठी रकाना नाही. सकाळी अध्यापक सही करतात. ते प्रामाणिकपणेच करतात, कारण विद्यार्थ्याला ते येतंय हे त्यांना दिसतं. ते कुठून आलं, हे लॉगबुकला कळत नाही. जे मोजलं जात नाही त्यासाठी वेळही ठेवला जात नाही, आणि मग निवासी डॉक्टरचं शिकवणं हे त्याच्या स्वभावावर आणि त्या रात्रीच्या गर्दीवर सोडलं जातं.

गर्दीचं आणि झोपेचं काय? केंद्र सरकारच्या ५ जून १९९२ च्या निवासी योजनेत एका दमात १२ तास आणि आठवड्याला साधारण ४८ तास काम सांगितलं होतं. बत्तीस वर्षांनी, २०२४ मध्ये, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मानसिक आरोग्यविषयक कृतिदलानं आठवड्याला ७४ तासांहून जास्त काम नको, अशी शिफारस केली. ४८ चे ७४ होतात आणि तरी ती सुधारणा वाटते, यावरून प्रत्यक्षात काय चालतं त्याचा अंदाज बांधावा. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झिऑन ही अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांत दगावली. तिच्या पत्रकार वडिलांनी निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांचा प्रश्न लावून धरला. त्यातून आधी त्या राज्यात आणि २००३ मध्ये साऱ्या अमेरिकेत आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. तेव्हा तिथल्या जुन्या प्राध्यापकांनी तक्रार केली, की तास कमी झाले तर शिकणं-शिकवणं कमी होईल. ही तक्रार आपल्याकडेही ऐकू येते, ‘आमच्या वेळी’ या शब्दांनी सुरू होणारी. पण छत्तीस तास जागा असलेला माणूस कोणाला काय शिकवणार? तो विद्यार्थ्याला म्हणतो, ‘तू जा रे आता’, आणि रक्ताची नळी स्वतःच भरतो, कारण शिकवण्यापेक्षा स्वतः करणं लवकर होतं.

आणि त्याच थकव्यात तो आणखी एक गोष्ट शिकवून जातो: माणसांशी वागायचं कसं. खाटेवरच्या बाईला ‘ए, सरक’ म्हटलेलं विद्यार्थी बघतात. ‘आई, जरा कुशीवर होता का?’ म्हटलेलंही बघतात. नव्या अभ्यासक्रमात नीतिमत्ता आणि संवाद यांचे स्वतंत्र धडे आहेत. पण शुक्रवारच्या धड्यात ऐकलेलं शनिवारच्या रात्रीत टिकतं की नाही, ते वॉर्डातला सीनियर ठरवतो. या उतरंडीची काळी बाजूही महाराष्ट्राला ठाऊक आहे. मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभागात शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी २२ मे २०१९ रोजी आयुष्य संपवलं. त्या जळगाव जिल्ह्याच्या, तडवी भिल्ल समाजातल्या. तीन वरिष्ठ सहकाऱ्यांवर जातीवरून छळ केल्याचा आरोप ठेवून खटला दाखल झाला. न्यायालयाचं काम न्यायालय करील. पण ज्या व्यवस्थेत एक-दोन वर्षांनी मोठा असलेला माणूस लहानाचा शिक्षक, मुकादम आणि परीक्षक हे सगळं एकाच वेळी असतो, आणि त्याच्या शिक्षक असण्याकडे कोणाचंच लक्ष नसतं, तिथे फक्त मुकादमच शिल्लक राहायला वेळ लागत नाही.

विद्यार्थ्यांच्या बाजूनंही सगळं आलबेल नाही. पदव्युत्तर प्रवेशाची नीट-पीजी परीक्षा चार पर्यायांतला एक निवडण्याची आहे. त्यामुळे इंटर्नशिपचं वर्ष वॉर्डापेक्षा अभ्यासिकेत आणि मोबाइलवरच्या क्लासमध्ये घालवणारे पुष्कळ. निवासी डॉक्टर शिकवायला तयार आहे आणि इंटर्न सही करून गायब, हेही दृश्य दुर्मीळ नाही. त्यात मुलांचा दोष किती आणि परीक्षेचा किती, याचा निवाडा अवघड आहे. पण वर्षभर वाचनालयात बसून आलेला डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होतो, तेव्हा बाळंतिणीचा रक्तस्राव पर्याय देत नाही.

सिल्लोडच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा प्रश्न यापुढचा आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात एकदम दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. त्यांत जालना आहे, बुलढाणा आहे, हिंगोली आहे. जळगावचं २०१८ पासून चालू आहे. म्हणजे सिल्लोडच्या चारी अंगांना आता वैद्यकीय महाविद्यालयं झाली किंवा होताहेत, आणि तालुक्यातल्या मुलामुलींना घराजवळ जागा मिळणार, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण नवं महाविद्यालय उघडतं तेव्हा एम.बी.बी.एस.ची मुलं येतात, अध्यापक येतात, जिल्हा रुग्णालयाची इमारत जोडली जाते. पदव्युत्तर जागा सहसा नंतर, काही वर्षांनी मिळतात. मधल्या काळात जेआर-१, जेआर-२, जेआर-३ ही फळीच नसते. मंजुरीच्या वेळी खाटा मोजतात, अध्यापक मोजतात, प्रयोगशाळा मोजतात. रात्री वॉर्डात या मुलांच्या हातात नळी कोण देणार, हे कोणी विचारत नाही.

एम.डी. पूर्ण झालेले वरिष्ठ निवासी डॉक्टर ही जागा भरू शकतात. २०२३ च्या संपात मागितलेली १,४३२ पदं त्यांचीच होती. तो संप नव्या महाविद्यालयांच्या दृष्टीनं कधी कोणी वाचलाच नाही. दुसरा मार्ग जिल्हा निवासी कार्यक्रमाचा. त्यात प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करावं लागतं. या तीन महिन्यांत त्याच्याकडे नव्या महाविद्यालयातले चार-पाच विद्यार्थी सोपवले, त्याच्या नावाचा रकाना लॉगबुकात घातला आणि रुजू होण्याआधी एक दिवस त्याला शिकवण्याच्या त्या पाच पायऱ्या शिकवल्या, तर त्यासाठी नवी इमारत लागत नाही. तिसरा मार्ग म्हणजे जालन्याच्या मुलांना महिना-महिना घाटीत रात्रपाळीला पाठवणं. अंतर साठेक किलोमीटरचं, बस आहे. मात्र घाटीतले निवासी डॉक्टरच एका खोलीत किती जण झोपतात हे ज्यांनी पाहिलं आहे, ते विचारतील की ही मुलं राहणार कुठे, आणि त्याचं उत्तर वैद्यकीय शिक्षण विभागाला नाही, तर सार्वजनिक बांधकाम खात्याला द्यावं लागेल.